कोस्कीबाईंचे श्रोते

आमच्या गावच्या ट्रॉय प्रुइट ह्या रॉक गायकाचा इथं येणारा प्रत्येक भक्त आधी बंद पडलेल्या लाकूडगिरणीच्या भिंतीवर काहीतरी खरडतो, मग ट्रॉयच्या आईच्या जुन्या घरासमोर फोटो काढतो, आणि मग माझ्या डेलियाच्या वाफ्यातून चालत शेजारच्या कोस्कीबाईंचं दार वाजवतो. फाटक समोर असतं, पण जायचं वाफ्यातूनच. मी खिडकीतून ओरडते, "अरे, ती फुलं आहेत, रस्ता नाही!" त्यांतले निम्मे जर्मन नाहीतर जपानी असतात, ते हसून मला हात करतात. ट्रॉयला जाऊन तीस वर्षं होत आली, तरी अंगात चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट आणि डोळ्यांवर केस असली विशीतली पोरं अजून येतातच. तो गेला तेव्हा ह्यांचा जन्मही झाला नव्हता.

कोस्कीबाई दार उघडतात. पोरांना आत घेतात, कॉफी देतात, वेलदोड्याचा गोड पाव कापून देतात. मग पोरं त्यांचे हात हातात घेऊन म्हणतात, "थँक यू." आणि बाईंचा चेहरा उतरतो.

त्याचं असं आहे. एल्मा कोस्की आमच्या शाळेत गाणं शिकवायच्या. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होते, तेव्हा हे सगळं ऐकीव नाही. नाताळाच्या आधी जिल्ह्यातल्या शाळांची समूहगानाची स्पर्धा व्हायची. गिरणी चालू होती तेव्हाही आणि बंद पडली तेव्हाही, बाईंनी कप आणला नाही असं वर्ष विरळाच. त्याची एक युक्ती होती. तालमीच्या वेळी बाई रांगांमधून कान देत फिरायच्या. जिथून बेसूर आवाज यायचा तिथल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगायच्या, "बाळा, तू आमचा श्रोता हो. नुसते ओठ हलव." रागावून नाही हं. वर पेपरमिंटची गोळी द्यायच्या. त्या काळी पुष्कळ शाळांत असंच चालायचं, आणि कुणाच्या आईबापाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

चौथीतल्या ट्रॉय प्रुइटला बाईंनी श्रोता केलं.

पुढं हा ट्रॉय, गॅरेजात दोन पोरांना घेऊन गिटार बडवणारा, आठवडा आठवडा केस न धुणारा, सिएटलला गेला काय आणि बघता बघता जगभर वाजायला लागला काय. टीव्हीवर कुणीतरी त्याला विचारलं, इतक्या जिवाच्या आकांतानं ओरडून का गातोस? तो म्हणाला, "चौथीत एका बाईंनी मला सांगितलं, नुसते ओठ हलव. तेव्हापासून त्यांना ऐकू जाईल असं गातोय." नाव घेतलं नाही त्यानं. पण गाव ते गावच. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात लोक बाईंना बघून मुकाट्यानं ओठ हलवायला लागले. गमतीनंच. ह्या गावात गंमत करायला दुसरं काही उरलंही नव्हतं.

बाईंनी त्याची कॅसेट आणली आणि स्वयंपाकघरात लावली. मी कुंपणावरून म्हटलं, "अहो, हे काय लावलंय? करवतीत मांजर सापडल्यासारखं!"

"नीट ऐक, मार्ज," बाई म्हणाल्या. "ओरडतोय खरा, पण सुरात ओरडतोय. एक सूर खाली नाही की वर नाही." कॅसेट संपेपर्यंत त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मी चुकले गं. फार चुकले."

त्याची माफी मागायची हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. त्याच हिवाळ्यात ट्रॉय आजीच्या अंत्यविधीला गावात आला. दुकानाच्या रांगेत तो पुढं, मागं बाई, त्यांच्यामागं मी. त्याच्या हातात दूध आणि सिगारेटी, अंगानं वाळून काडी झालेला. मी बाईंना कोपरानं ढोसलं, "बोला ना!" त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज काही फुटला नाही. तो पैसे देऊन पावसात निघून गेला. बाई म्हणाल्या, "आज घरात दुःख आहे त्याच्या. पुढच्या खेपेला." पुढची खेप आलीच नाही. वसंतात सिएटलच्या एका खोलीत नशा जास्त झाली आणि तो गेला. तीसही पुरी केली नाहीत.

माफी मागायला माणूसच राहिला नाही, हे एक वेळ सोसता आलं असतं. पण वर हे आभार! हॅम्बुर्गची एक मुलगी बाईंच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, माझ्या सगळ्यात वाईट वर्षात त्याच्या आवाजानं मला जगवलं, आणि तुम्ही त्याला गप्प केलं नसतं तर तो तसा ओरडला नसता. बाई म्हणत होत्या, "अगं पोरी, मी वाईट केलं त्याचं." मुलगी म्हणे, "नाही, नाही, थँक यू." पाद्रीबुवांनीही समजूत घातली, की देवानं तुमच्या हातून त्याचं काम करून घेतलं. घरी येऊन बाई तणतणल्या, "देवाला दुसरं कुणी मिळालं नाही? एकानं तरी तोंडावर म्हणावं, एल्मा, तू चुकलीस!"

मी म्हटलं, "बरं, चुकलात. झालं समाधान?"

"तुझं नाही चालायचं. तुझं मी काय बिघडवलंय?"

खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खरं. त्या झोपत नसत हे मला दिसत होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, साऱ्या जगानं माफ केलेली, आणि तीच माफी तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

गेल्या शरदात गावानं शाळेच्या सभागृहाला ट्रॉयचं नाव दिलं. नगराध्यक्षांनी बाईंना बोलायला बोलावलं. म्हणाले, "ती ओठांची गंमत सांगा, लोकांना फार आवडते." बाई निळा कोट घालून आल्या. माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "ही गंमत नाही. ट्रॉय एकटा नव्हता. दर वर्षी तीनचार मुलांना मी गप्प बसवत होते. त्यांतलं कुणी इथं बसलं असेल तर मला त्यांची माफी मागायची आहे."

मग मागच्या बाजूच्या कुणीतरी तोंड मोठं करून नुसतेच ओठ हलवले, आणि सभागृह खदखदून हसलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बाई माइक धरून तशाच उभ्या. मला त्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

लोक पांगल्यावर मी बाईंचा कोट घेऊन आले, तर ग्लेन व्हिटमर खुर्च्यांच्या घड्या घालत होता. ग्लेन नळाची कामं करतो, पानगळीत आमच्या दोघींच्या छपराची पन्हळं साफ करून देतो. मोठा माणूस, मऊ स्वभावाचा.

"बाई, मी पण होतो हं," तो म्हणाला.

"काय होतास?"

"श्रोता! ट्रॉयच्या शेजारी, तिसऱ्या रांगेत, कोपऱ्यात. एकाच दिवशी सांगितलंत आम्हा दोघांना. गोळी पण दिली होतीत."

बाई खुर्चीवर बसल्या. "मग मघाशी उठला का नाहीस?"

"कशाला? मला कुठं राग आहे? ट्रॉयला राग आला, कारण त्याला गाता येत होतं. त्यानं तुमचं ऐकलं नाही. माझा आवाज खरंच भंगार. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून वाचलो, नाहीतर जन्मभर हसं झालं असतं."

"कधीच गायला नाहीस?"

"छे! चर्चमध्ये अजून ओठच हलवतो." तो हसत होता. "पोरी लहान असताना रोंडा म्हणायची, गा की रे, झोपतील. मी आपला रेडिओ लावायचो. शेवटी शेवटी हॉस्पिटलात पण म्हणाली, आज तरी गा. म्हटलं, बये, आधीच एवढं दुखतंय तुझं, त्यात आणखी कशाला?"

त्याला वाटलं आम्ही हसू. रोंडा त्याची बायको. अशी भली बाई गावात दुसरी नव्हती. मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, की माफी मागा आणि चला. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव मला ओळखीचा होता. त्यांना शिक्षा हवी होती, आणि आज ती देणारा माणूस सापडला होता.

"ग्लेन," बाई म्हणाल्या, "मला तुझा आवाज आठवत नाही."

"एवढ्या मुलांत कसा आठवेल?"

"तसं नव्हे. मला तेव्हाही माहीत नव्हता. त्या कोपऱ्यातून काहीतरी बेसूर येत होतं. कान दिला, पण कोण ते कळेना. स्पर्धा तोंडावर आलेली. म्हणून मी तुम्हा दोघांनाही गप्प केलं."

ग्लेनच्या हातातली खुर्ची अर्धी मिटलेली राहिली. तो नळवाला माणूस, गळती कुठं आहे ते कसं शोधायचं हे त्याला ठाऊक. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "आम्ही गप्प झाल्यावर ते थांबलं?"

"बाई, चला आता," मी म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"नाही थांबलं. मग मी तुमच्या मागच्या मुलीला सांगितलं. तेव्हा थांबलं."

"म्हणजे आम्ही दोघं नव्हतोच."

"नव्हतात."

"मग आम्हाला परत गा म्हणून का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते. पण त्या दिवशी सगळं इतकं छान लागलं, की मला हात लावावासा वाटला नाही. मग कप मिळाला. मग मी विसरले. ग्लेन, मला माफ कर."

मी देवाची प्रार्थना करत होते, की त्यानं एकदा 'केलं माफ' म्हणावं आणि विषय संपावा. तो तसा माणूस होता. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला त्यानं तसंच म्हटलं असतं.

"रोंडाला जाऊन सहा वर्षं झाली," तो म्हणाला. "बाई, तुम्ही हे मला सांगायला नको होतं."