भुमेश्वरी बोलली होती

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही. बारा वर्षं कुणालाच नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एकीला सांगितलं — आणि तिलाच ते सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. आता तुम्हाला सांगते.

मी नर्स होते. सालेकशाकडच्या जंगलपट्टीत, एका उपकेंद्रात. लोक मला सिस्टर म्हणत. कामाला चोख होते मी — हे बढाईसाठी सांगत नाही. चोख माणूस काय करू शकतं, ते कळावं म्हणून सांगते.

तुम्ही भुमेश्वरीला ओळखत नाही. त्या भागात विचारा, कुणीही घर दाखवेल. ती आशाताई आहे. बाळंतिणीच्या घरी बाकीच्या जातात तशीच तीही जाते — बाळाचं वजन घेते, नाळ बघते, ताप बघते. मग सासूला चहा ठेवायला पाठवते, बाळंतिणीजवळ बसते आणि म्हणते, "लेकराचं झालं. आता तुहं सांग." झोप लागते का, जेवतेस का, असलं ती विचारत नाही. विचारते, "सकारी जाग आली का पयलं काय वाटते?" हा प्रश्न कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. तो तिचा आहे. कारण तिला स्वतःला सकाळी जाग आली की काय वाटायचं, ते तिला माहीत आहे.

एक गोंड घरातली पोर होती, पहिलटकरीण. तोंडातून शब्द काढत नव्हती. भुमेश्वरी अकरा दिवस रोज तिच्याकडे गेली. काही न विचारता तिच्या शेजारी बसून मोहफुलं निवडत राहिली. बाराव्या दिवशी पोर बोलली. दुसऱ्याच दिवशी भुमेश्वरी तिला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन पॅसेंजरनं गोंदियाला डॉक्टरकडे गेली. बाळ सगळा वेळ तिच्या मांडीवर. ती पोर आज बचतगटाची अध्यक्ष आहे.

आणि या सगळ्या बायांना बोलतं करायला भुमेश्वरी स्वतःची एक गोष्ट सांगायची. "मी बोलली नोती. घरच्यायले नाही, सिस्टरले नाही. मनात ठेवली, अन् बोडीत उतरली. तू तसं करू नोको. तू बोल."

बोडी म्हणजे गावचं तळं. ती हे सांगायची तेव्हा मी शेजारी उभी असायचे. मान डोलवायचे.

कारण ती गोष्ट खोटी होती — आणि ती खोटी आहे हे फक्त मला माहीत होतं.

कसं सांगू? सरळच सांगते. तिचं दुसरं बाळंतपण होऊन दीड महिना झाला होता. लसीकरणाचा दिवस, उपकेंद्राच्या व्हरांड्यात गर्दी. तिनं बाळाला लस टोचून घेतली आणि तिथंच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, लेकरू रडते तं मले ते दुसऱ्या कोनाचं वाटते. बोडीकडं गेली का उतरावं वाटून राह्यलं. मले भेव लागते."

यापेक्षा स्पष्ट कुणी काय बोलणार? मी लसीच्या डब्यातून मान वर केली नाही. म्हटलं, "सगळ्याच बायांना होतं असं. भाताच्या रोवणीला जा, कामात मन रमव. पुढची कोण?"

ती गेली. चार दिवसांनी, रोवणी चालू असताना, भरदुपारी ती गावच्या बोडीत उतरली. बांधावरच्या बायांनी पाहिलं, धावल्या, ओढून काढलं. वाचली — त्यात माझा काही हात नाही.

मग मोठे डॉक्टर चौकशीला आले. तिच्या घरी, तिच्या खाटेशेजारी, नवरा आणि सासू समोर असताना त्यांनी मला विचारलं, ही काही बोलली होती का? मी म्हटलं, "नाही सर. मी विचारलं होतं. ठीक आहे म्हणाली."

भुमेश्वरी औषधाच्या गुंगीत माझ्याकडे बघत होती. आणि तिनं — तिनं मान हलवली. हो म्हणून. त्या दिवसांतलं तिला नीट आठवत नव्हतं. माझ्यावर तिचा विश्वास होता. मी दिलेली आठवण तिनं ठेवून घेतली. पुढे नवरा कितीदा तरी म्हणाला, सांगितलं असतंस तर? ती म्हणायची, चुकलंच माझं.

दोन वर्षं तिनं नेमानं औषधं घेतली, मग आशाताई झाली. बघा, त्या खोट्या चुकीचं तिनं काय केलं. आपली चूक दुसऱ्या कुठल्या बाईकडून होऊ नये म्हणून ती रानातल्या पायवाटा तुडवत फिरली. आणि जिची खरी चूक होती, ती मी? मी प्रत्येक बैठकीत तिचं कौतुक करत होते. मनापासून करत होते, हे तर आणखी वाईट.

मी निवृत्त झाले, दवनीवाड्याला घरी आले. गेल्या महिन्यात एका सकाळी बसनं तिच्याकडे गेले आणि सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजे मी बोलली होती." मी हो म्हटलं. तिनं विचारलं, "काय बोलली होती? जसंच्या तसं सांगा." मी शब्द न् शब्द सांगितला, मला तो पाठ होता. ती म्हणाली, "इतकं चांगलं सांगता आलं होतं मले. अन् मी सोताले मुकी समजून राह्यली होती." माझ्यावर ओरडली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "आता तुमी जा, सिस्टर."

परवा नव्या नर्सेसची बैठक होती. भुमेश्वरीला बोलायला बोलावलं होतं, जुनी माणसं म्हणून आम्हालाही. तिनं गोष्ट बदलून सांगितली. "मी सांगतली होती. एका सिस्टरले, भर व्हरांड्यात. तिनं आयकलं नाही. बाया बोलतेत, बाई. तुमी आयका." त्या पोरी लिहून घेत होत्या. एकीनं विचारलं, कोण होती ती सिस्टर? भुमेश्वरी म्हणाली, नावाचं काय काम.

मी मागच्या रांगेत होते. उठले नाही.

ती सिस्टर मी.