आटे बसले, पण उतार जुळला नाही

झाईच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात चिमणची तीस वर्षं गेली. म्हणूनच आशागडच्या जिग्नेशभाईंनी चिकूच्या वाडीतल्या शेडमध्ये स्वतः बांधायला घेतलेल्या छोट्या विमानाच्या पेट्रोलच्या नळ्या जोडायला त्याला बोलावलं. तेव्हा त्याची छाती फुगली होती. "बोट काय, विमान काय, नळी ती नळीच," असं तो घरी हिरीला, बायकोला, म्हणालासुद्धा.

इंजिनाबरोबर आलेले, नळ्या जोडायचे सांधे दोन-तीन कमी पडले. तेवढे त्याने तलासरीला हायवेवरच्या ट्रकच्या दुकानातून आणले. आटे अगदी बरोबर बसले. जरा जोर लावून आवळले आणि तो निघून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उपसताना ट्रकचा एक उरलेला सांधा आणि दुकानात नमुना म्हणून नेलेला विमानाचा सांधा शेजारी शेजारी हाताला लागले. चिमणने सहज उजेडात धरून पाहिले. आटे सारखे होते, पण नळीचं पसरट तोंड जिथे टेकतं तिथला उतार वेगळा होता. म्हणजे नळी नुसती कडेवर टेकली होती. आज टिकेल, पण हादऱ्यांनी कधी फाटेल याचा नेम नाही. बोटीत नळी गळली तर नांगर टाकता येतो. वर आकाशात काय टाकणार?

आणि आज अकराला जिग्नेशभाई इंजिन पहिल्यांदा चालवून बघणार होते!

फोन नुसता वाजत राहिला. चिमणने मोटरसायकल काढली. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी संपता संपेना. वाडीशी पोचला तर इंजिनाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"बंद करा! आधी बंद करा!"

जिग्नेशभाईंनी घाबरून इंजिन बंद केलं. "काय झालं, चिमणकाका? मस्त चालतंय की. एक थेंब गळत नाही."

गप्प बसलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. चिमणने पाना घेतला आणि सांधा उघडला. नळीच्या तोंडाला केसाएवढी चीर पडली होती. नख फिरवलं की अडकायचं.

"चूक माझी. आटे बसले म्हणून आतलं बघितलंच नाही. वर जोर लावून आवळलं."

जिग्नेशभाईंनी त्या चिरेवरून नख फिरवलं. "यात मी भाविनीला बसवणार होतो," ते हळूच म्हणाले. भाविनी म्हणजे त्यांची बायको. मग म्हणाले, "आता कुठले घ्यायचे ते तुम्हीच सांगा."

सगळे सांधे एकाच बनावटीचे मागवले. ते यायला तीन आठवडे लागले. चिमणने एकेक जोडी खिडकीपाशी धरून उतार जुळवला. नळ्यांची तोंडंही नव्याने पसरवली. यावेळी इंजिन तासभर चाललं. त्याने प्रत्येक सांध्यावरून कोरडं फडकं फिरवून हुंगलं. वास नव्हता.

जिग्नेशभाईंनी कामाची वही पुढे केली. "तपासणाऱ्याची सही करा, काका."

चिमणने सही केली, आणि पुन्हा फडकं उचललं.