टॉवेलाखालचा डाव

दहावी चाल झाली की आबा पटावर टॉवेल टाकत आणि उठून झाडांना पाणी घालायला जात. डाव कितीही रंगात आलेला असो, त्यांना फरक पडत नसे. पाइप गुंडाळून परत आले की टॉवेल न काढताच विचारत, "बाई, तुमचा उंट कुटंय?" मला बहुधा सांगता येत नसे.

आबा आंदर मावळातले. आंबीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते तुंगार्लीतल्या एका बंगल्याची राखण करत. मी लोणावळ्यात गणित शिकवते. तळ्याकडे फिरायला जाताना ते फाटकाशी एकटेच पट मांडून बसलेले दिसले, आणि मी आगाऊपणे म्हणाले, "काळ्याचा घोडा मरतोय." "मरू द्या की, लय पळालाय," असं म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली. तेव्हापासून दर रविवारी मी तिथेच.

चाळिशी उलटल्यावर मी बुद्धिबळाच्या नादी लागले होते. फोनवर व्हिडिओ बघायचे, दर महिन्याला पांढऱ्यासाठी नवी ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची मांडणी, धरायची, सापळे लावायचे आणि त्यात स्वतःच अडकायचं, असा कारभार. दिवाळीच्या सुट्टीतल्या तळेगावच्या स्पर्धेत दोन वर्षं पांढऱ्या मोहऱ्यांनी एकही डाव जिंकले नव्हते. तिसऱ्या वर्षीही तेच झालं तर पट माळ्यावर टाकायचा, असं मी ठरवलं होतं. आबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, याचं मला अजून बरं वाटतं.

त्यांचं बुद्धिबळ कारखान्यातलं. चहाची सुट्टी दहा मिनिटांची, त्यात दहाच चाली व्हायच्या. मग पट टॉवेलाखाली, उरलेला डाव दुसऱ्या दिवशी. "सुरवात बिघडली तर ती डोक्यात घ्यून शिफ्टभर मशीनवर उभं ऱ्हावं लागायचं. लय वंगाळ," ते सांगत. म्हणून ओपनिंग निवडायची त्यांची कसोटी एकच. "जी मांडणी घ्यून शिफ्टभर उभं ऱ्हाता येतं, ती आपली. बाकीच्या पाव्हण्या."

माझ्या साऱ्या पाहुण्यांची त्यांनी एकेक करून रवानगी केली. उरली ती साधीसुधी मांडणी. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट बाहेर, मग राजापुढचं प्यादं एक घर. "उंट आधी भाईर काढा, मंग दार लावा. दार लावून घेतलं की त्यो आतच कोंडतो." पुढे घोडे, मग कॅसलिंग, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं. मी हुशार विद्यार्थिनीसारखी आठ दिवसांत सगळं पाठ केलं आणि रविवारी धडाधड चाली केल्या. त्यांचं प्यादं माझ्या उंटावर चालून आलं होतं, ते मी पाहिलंच नाही. आबांनी उंट मारला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. "मी हितं हाय, बाई. माज्याकडं बी बगा जरा."

दोन महिन्यांनी बंगला विकला गेला. आबांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. गावी भातशेती होती, नातवंडं होती. वाईट मला वाटलं. जाताना पट त्यांनी नेला आणि टॉवेल मला दिला. धुवायचं मात्र विसरले होते.

तळेगावला शेवटच्या फेरीत मला पांढरी मोहरी मिळाली. आधीचे पांढऱ्याचे दोन्ही डाव गेले होते. समोर एक डॉक्टर होते, भराभर खेळणारे. दहावी चाल केली आणि मी उठले. पाण्याच्या पिंपापाशी पटाकडे पाठ करून उभी राहिले आणि एकेक मोहरं आठवत गेले. माझी सगळी जागच्या जागी होती. त्यांचा घोडा कुठे निघालाय, तेही मला दिसत होतं. असंच संध्याकाळपर्यंत उभं राहता आलं असतं. परत येऊन बसले आणि घाई न करता खेळले.

बाहेर येऊन आधी आबांना फोन लावला. मागे भात झोडल्याचा आवाज येत होता.

"आबा, शेवटचा डाव झाला. पांढरी होती."

"व्हय? धाव्या चालीला उंट कुटं व्हता?"

मी सांगितलं. मग घोडे, हत्ती, प्यादी, त्या डॉक्टरांची काळी मोहरीसुद्धा, एका दमात.

"मंग झालं तर," आबा म्हणाले. "झोडणी चाललीय, ठिवतो."

डाव जिंकले, हे सांगायचं राहूनच गेलं.