दस्तगीरभाईंची जवारी

आमच्या शाळेचे गायनमास्तर तंबोरा दुरुस्तीला टाकून आले होते, तो आणायला मिरजेला गेले आणि तसाच, तारा न चढवलेला, परत घेऊन आले. "दस्तगीरभाई गेले. गुरुवारीच," एवढंच म्हणाले. मी मुलांच्या चित्रकलेच्या वह्या तपासत होतो. तपासत राहिलो... सांगली ते मिरज अंतर ते किती, पण तीन वर्षांत मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो.

लढाईच्या दिवसांत एका फिल्म कंपनीच्या मालकांनी मला हलत्या चित्रांची छोटी फिल्म करायला दिली होती. जतच्या माळावर चुकलेलं कोकरू आईला शोधतं, एवढीच गोष्ट. दोन वर्षं शाळा सांभाळून मी चित्रं काढली. आवाज कोण देणार हा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी मिरजेच्या या तंबोरे घडवणाऱ्या कारागिराचं नाव सांगितलं. त्यांनी चित्रं एकेक करून उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, "आवं मास्तर, जतचं कोकरू हाय का सांगलीच्या पेढ्यावर वाढलंय? आसलं गुटगुटीत तिकडं मिळायचं न्हाई." मी कोकराची पोटं खोडून पुन्हा काढली. मग त्यांनी तंबोऱ्याच्या रिकाम्या भोपळ्यावर तळहात घासून कोकराचा श्वास केला, ओल्या बोटानं तात, म्हणजे आतड्याची तार, ओढून त्याचं बें-बें केलं. त्यांची बायको, आमच्या भाभी, आतून ओरडायच्या, "कोन रडतंय त्ये?" आणि हे गालात हसायचे.

कुठे कोणता आवाज हवा, ते मी कागदावर लिहून दिलं होतं. कोकरू थकून शेतात शिरतं तिथे लिहिलं, 'जवारी'. आमच्याकडे बोलताना ज्वारीला जवारीच म्हणतात. मला पानांची सळसळ हवी होती. पण तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात ती कानशीनं घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज खुलवतात, त्यालाही जवारीच म्हणतात, आणि दस्तगीरभाईंचा जन्म त्यातच गेलेला.

आवाज भरण्यासाठी आम्ही कोल्हापूरच्या स्टुडिओत गेलो. कच्ची फिल्म मिळत नव्हती, त्यामुळे पुन्हा करायची सोय नाही हे मालकांनी आधीच बजावलं होतं. भिंतीवर चित्र सुरू झालं. कोकरू शेतात शिरलं आणि सळसळीच्या जागी तंबोरा झंकारू लागला, मंद, एकसारखा... फिल्म संपली. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मी काय लिहिलं होतं? वाचता येत नाही तर विचारायचं तरी!" त्यांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि म्हणाले, "चुकलं मास्तर."

सांगलीत खेळ झाला तेव्हा त्या जागी थिएटर गप्प झालं. कोकराला कुशीत घेतल्यासारखं ते शेत गुणगुणत होतं. खेळानंतर मालकांनी माझा हात धरून लोकांना सांगितलं, "शेताला तंबोरा लावायची कल्पना आमच्या मास्तरांची." टाळ्या पडल्या. दस्तगीरभाई मागच्या बाकावर होते. कल्पना माझी नव्हे, असं मी म्हणालो नाही. बाहेर पडताना ते माझ्याजवळ आले. "लोकांस्नी शेत ऐकू आलं, बास झालं," म्हणाले आणि मिरजेची वाट धरली. त्यानंतर माफी मागायला म्हणून मी कितीदा तरी निघालो आणि स्टेशनवरून परतलो.

गेल्या आठवड्यात शेवटी गेलो. भाभींनी चटई टाकली. उशीर झालाच होता, तरी मी सगळं सांगितलं. माझं अक्षर, त्यांचा गैरसमज, माझं बोलणं, टाळ्या. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "गैरसमज कशाचा? त्येस्नी ठावं हुतं की. जतला जाऊन धाटं आणलीवती जवारीची. आठ दिस हितं खुळखुळवत बसले. मग म्हनले, ह्यो आवाज वाळल्या जवारीचा. मास्तरांनी काढलीया ती आत्ता निसवलीया, हिरवी हाय. ती आशी वाजायची न्हाई."

मी मनात ती चित्रं पाहिली. प्रत्येक धाटावर नुकतंच बाहेर पडलेलं कोवळं कणीस मीच काढलं होतं.

"मग मला तेव्हा का नाही बोलले?"

"म्या बी त्येच इचारलं. तर म्हनले, मालकाम्होरं मास्तरास्नी कसं सांगू, तुमचंच शेत तुमास्नी दिसलं न्हाई म्हनून?"

त्यांच्या कामाच्या खोलीत कानशी ओळीनं लावलेल्या होत्या. अर्धवट तासलेला भोपळा तसाच. खुंटीला सुतळीनं बांधलेली ज्वारीची धाटं टांगली होती, धुळीनं करडी झालेली. मी ती काढून जराशी हलवली. हुबेहूब मला हवी होती तशी सळसळ झाली.

"न्या की मास्तर," दारातून भाभी म्हणाल्या. "तुमच्यासाटनंच आणल्यालीत."

मी ती पुन्हा खुंटीला अडकवली... आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.