जोतीराम देवकाते गव्हाणीत उतरतो

जोतीराम देवकातेइतका भित्रा माणूस मी आमच्या साखर कारखान्यात दुसरा पाहिला नाही. हे मी आता चेष्टेनं सांगत नाही. पूर्वी करायचो चेष्टा, पोटभर करायचो.

लासुर्ण्याकडचा धनगराचा पोरगा. बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने गावाबाहेर असायचा. हा मात्र बारामतीत आयटीआय झाला आणि कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात लागला. लांब कुठं ढग गुरगुरला तरी हा घरी टीव्हीची वायर काढून ठेवायचा. सायकलला दोन कुलपं लावायचा. त्याची बायको मनिषा म्हणायची, "ह्यांनी लग्नात अक्षता पडायच्या आदी मांडवाचं खांब हलवून बघितलं." खोटं असेल, पण त्याला शोभून दिसायचं.

मी गव्हाणीचा ऑपरेटर, मोहनराव. सगळे तात्या म्हणतात. गव्हाण म्हणजे लोखंडी साखळ्यांचा लांबलचक पट्टा. त्यावर उसाच्या मोळ्या पडतात आणि पट्टा त्या वर ओढत फिरत्या सुऱ्यांकडं नेतो. वर काचेच्या केबिनमध्ये बसून ती चालवायची आणि थांबवायची, हे माझं काम. मोळी आडवी अडकली की कुणीतरी कोयता घेऊन आत उतरायचं. आमच्या पाळीत तो माणूस म्हणजे रतन खरात. जोतीरामच्याच गावचा, लहानपणी दोघं एकाच कळपामागं फिरलेले. रतनला भीती म्हणून कशाची ती माहीत नव्हती. उतरतानाही तोंडात गाणं असायचं.

उतरण्याचा एक जुना रिवाज होता. आत जाणाऱ्यानं खालच्या मोटार खोलीत जायचं, गव्हाणीच्या मोटारीचे तीन फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात घालायचे. खिशात फ्यूज असेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी गव्हाण हलत नाही. मग पंच्याण्णव साली पुण्याहून नवीन कंट्रोल बोर्ड आला आणि आम्ही शहाणे झालो. माझ्या टेबलावर लाल दिवा लागला की गव्हाण बंद, हिरवा लागला की चालू. फ्यूज काढायला तीस पायऱ्या कोण उतरणार?

बोर्ड शिकायला चार दिवस पुण्याला पाठवला तो जोतीरामला. परत आला तो वही भरून. एकदा पॅनेल उघडून त्यानं मला दाखवलं होतं. एक मेन कार्ड, ते विचार करणारं. शेजारी ओळीनं जादा कार्डं, हुकूम पाळणारी. त्यातलंच एक गव्हाणीची मोटार चालू-बंद करायचं. सगळ्यांच्या पाठीमागून तारांची एक पट्टी, तिला बस म्हणतात म्हणे.

"तात्या, लाईटीचा झटका बसला की मेन कार्ड सगळं इसरतं आन पयल्यापासनं सुरू हुतं," तो म्हणाला. "त्या टायमाला त्यानं बाकीच्यास्नी सांगाय पायजे, हातातलं सोडा म्हणून. त्याला रीसेट म्हंत्यात. मेंढरांचा तळ हलताना बा हाळी द्यायचा, तसं. एखाद्याला हाळी पोचली न्हाय, तर ते आपलं जुन्याच वाटंनं चालत ऱ्हातंय."

ही हाळी बाहेर जाऊ द्यायची की नाही, ते ठरवणारी एक टोपी मेन कार्डावर होती. तुरीच्या दाण्याएवढी, काळी, दोन बारीक काट्यांवर बसणारी. तिला जंपर म्हणायचे. मी म्हटलं, एवढ्याशा टोपीवर एवढा मोठा कारखाना? तो हसला नाही. असल्या गोष्टींवर तो कधी हसत नसे.

शहाण्णवच्या खंडेनवमीला कारखान्यात नेहमीसारखी हत्यारांची पूजा झाली. पाने, पकडी, कोयते, सगळं पाटावर मांडलं. जोतीरामनं मेन कार्डही काढून पाटावर ठेवलं. हळद-कुंकू कार्डात जाईल या भीतीनं त्यानं ते लावू दिलं नाही. झेंडूची छोटी माळ तेवढी वाहिली. दसऱ्यादिवशी माळ उतरवली, कार्ड जागेवर बसवलं, आणि निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून पिशवीत घालून पॅनेलमागच्या खिळ्याला अडकवलं, कालव्यात सोडू म्हणून. पुढं हंगाम सुरू झाला आणि पिशवी तिथंच राहिली.

सत्त्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. गव्हाण भरून चालली होती आणि अचानक पॉवर हाऊसचा सेट ट्रिप झाला, म्हणजे कारखान्याची वीजच गेली. सुऱ्या घरघरत थांबल्या, गव्हाण जागेवर उभी राहिली. बोर्ड बॅटरीवर होता, झटक्यानं तोही एकदा मिचकला आणि पुन्हा जागा झाला. माझ्या टेबलावर लाल दिवा लागला. वरच्या टोकाला, अगदी सुऱ्यांच्या तोंडाशी एक मोळी आडवी बसली होती.

रतन खालून ओरडला, "तात्या, लाईट यायच्या आत काडतो. फ्यूज काडू का?"

"ऱ्हाऊ दे रं, लाल दिवा हाय की," मी म्हणालो. हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ते घालता येत नाहीत.

रतन आत उतरला. त्याचं गाणं मला वर ऐकू येत होतं.

ट्रिप झाली की जोतीराम दरवेळी पॅनेल उघडून एकेका कार्डाचा दिवा बघायचा. कुणी सांगितलेलं नसताना. आम्ही त्याला म्हणायचो, लेका, पाळण्यातलं पोर आहे का ते, सारखं उघडून बघायला? त्या दिवशीही तो आला आणि माझ्या पाठीमागचं पॅनेल उघडलं. मग काहीच आवाज आला नाही. मी वळून बघितलं तर त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तात्या, गव्हाण चालू हाय."

"उभी हाय की रं. लाल दिवा बघ."

"मेन कार्ड म्हंतंय बंद. मोटारीचं कार्ड चालू धरून बसलंय. त्याला रीसेट गेलाच न्हाय. लाईट आली की गव्हाण पळणार."

मी बंदचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं, मूठ मारली. मेन कार्डाच्या मते गव्हाण बंदच होती, ते बंदला काय बंद करणार? त्याच्या शेजारच्या कार्डावरचा बारीक दिवा तसाच जळत राहिला. मी खिडकीतून ओरडलो, "रतन, भाईर ये!" तो मोळीत कमरेपर्यंत शिरलेला. त्यानं नुसता हात हलवला, थांबा म्हणून. फ्यूजला तीस पायऱ्या. आणि तेवढ्यात पॉवर हाऊसची घंटा वाजली. घंटा वाजली की लाईट आलीच म्हणायची.

माझे पाय जागचे हलले नाहीत. खरं सांगतो, मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते. केबिनचा पंखा फिरायला लागला होता. गव्हाण उभी होती. जोतीराम पॅनेलसमोर खाली बसला होता आणि मोटारीचं कार्ड, चालू बोर्डातून उपसून काढलेलं, त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. बोटं पत्र्यानं कापली होती. बॅटरी चालू असताना कार्डाला हात लावायचा नाही, असं त्याच्याच वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं. खालून रतनचा आवाज आला, "निघाली मोळी! काय बोंबलत हुता, तात्या?"

जोतीरामनं मेन कार्ड काढून बघितलं. दोन काटे उघडे होते, टोपी नव्हती. हे कार्ड शेवटचं बाहेर निघालं ते पूजेला, हे त्याला आठवलं असावं. मग उठून खिळ्यावरची पिशवी काढली आणि वाळलेला झेंडू टेबलावर ओतला. माळेच्या दोऱ्याच्या गुंत्यात ती काळी टोपी अडकलेली होती. माळ उतरवताना तिच्याबरोबर निघून आली होती. हंगामाआधी चाचणी घेतली तेव्हा पूर्ण बंद करून चालू केल्यामुळं प्रत्येक कार्ड आपलं आपण कोरं झालं आणि कुणाला काही कळलं नाही. त्या हंगामात झटका पहिल्यांदा त्या दिवशीच बसला.

"कुणाला बोलू नगंस," मी हळूच म्हटलं. मला त्याच्या चुकीपेक्षा माझ्या शब्दांची भीती जास्त होती.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झालो. टोपी हाताच्या तळव्यावर घेऊन तो खाली गेला. मीही मागून गेलो, कसा गेलो ते माहीत नाही. त्यानं रतनला सगळं सांगितलं, पूजेपासून. मग मीही माझं सांगितलं.

रतन आधी हसला. मग मान वळवून त्यानं सुऱ्यांकडं बघितलं आणि मटकन बसला. जन्मात न घाबरलेला तो माणूस असा थरथरायला लागला की पाण्याचा तांब्या त्याच्या दातांवर वाजत होता. "जोत्या," तो म्हणाला, "माझ्यानं आता आत उतरवणार न्हाय रं. पर दुसरं काम मला येत न्हाय."

जोतीराम वर गेला. टोपी बसवली, झटका देऊन तीनदा तपासलं. दुपारी पुन्हा मोळी अडकली. रतन काठावर उभा राहिला, हातात कोयता, पाय पुढं पडेना. तेव्हा जोतीराम तीस पायऱ्या उतरून मोटार खोलीत गेला, तीन फ्यूज काढून आणले, रतनच्या खिशात घातले, आणि रतनच्या आधी स्वतः गव्हाणीत उतरला. ढगाला भिणारा माणूस.

पुढचे नऊ हंगाम असंच चाललं. मोळी अडकली की खात्यातून जोतीरामला बोलवायचं. त्याची भीती कधीच गेली नाही, दरवेळी उतरताना तो तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घ्यायचा. काम झालं की रतन म्हणायचा, "झालं, चल वर." आणि सुऱ्यांकडं पाठ करून, त्यांच्या आणि रतनच्या मध्ये उभा राहून, जोतीराम दरवेळी एकच सांगायचा.

"तू चढ आदी."