रेक्झिनमागचा स्टिरिओ

नवी गाडी घेतल्यावर मी पहिला शहाणपणा असा केला की, बारामतीच्या एका दुकानातून चारही दारांना आतून तपकिरी रेक्झिन चढवून घेतलं. तेव्हापासून कंपनीच्या स्टिरिओतलं प्रत्येक गाणं गोधडीत तोंड खुपसून म्हटल्यासारखं यायला लागलं.

सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या साहेबांनी गाडीपर्यंत येण्याचेही कष्ट घेतले नाहीत. एसीत बसून त्यांनी आधी माझ्या फोनला दोष दिला, मग सॉफ्टवेअरला, आणि शेवटी इंदापूरच्या रस्त्याला. "धक्क्यांनी स्पीकर जातात, सर. चारही बदलू," ते म्हणाले. मी स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेणारा माणूस, पण नंदीबैलासारखी मान डोलावून बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात आईला घेऊन वरकुट्याला निघालो होतो. गाणं लावलं तसा तिनं दाराला कान लावला आणि बोटांनी खालचा भाग चाचपला.

"ह्या कातड्यामागं जाळी लागतीय हाताला. आवाज भाईर येनार कुठनं? तूच बुजवलायस की."

मी गाडी कडेला घेतली आणि कटरनं तिथलं रेक्झिन गोल कापून काढलं. आवाज इतका स्वच्छ आला की शरमेनं मला ते गाणं ऐकवेना. आई शांतपणे म्हणाली, "आता दुसरं दार काप."

दुसऱ्या दिवशी जाब विचारायला त्या दुकानात गेलो. दुकानदारानं चारही भोकं निरखून पाहिली आणि मनापासून हळहळला, "अरेरे! सर, गाडीचा लुकच घालवलात."