दोनच भोकं

दुर्बिणीने गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सगळ्यात आधी काय हवं, ते मला विचारा. प्लॅस्टर हवं. त्याचा काही उपयोग नसला तरी चालेल, पण लोकांना दिसायला हवं!

देवासला कारखान्याच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळताना ह्यांचा गुडघा मुरगळला आणि आतली गादी फाटली. चाळिशी जवळ आलेल्या माणसाने उड्या मारू नयेत हे मी दहादा सांगितलं होतं, ते असो. इंदूरच्या डॉक्टरांनी दोन बारीक भोकांतून दुर्बीण आणि अवजारं घालून गादी शिवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाहर का घाव दस दिन में भर जाएगा. अंदर के टांके महीनों लेंगे. चार महीने आलथी-पालथी बिलकुल नहीं, उकडूं नहीं." मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, हे सगळं त्यांनी कागदावरही लिहून दिलं. तो मी पर्समध्ये ठेवला.

धारला मामंजींना बीपीचा त्रास. ते घाबरू नयेत म्हणून मी फोनवर सांगितलं, "काही नाही मामंजी, किरकोळ आहे. दोनच भोकं. उद्या घरी."

दीड महिन्यात कुबड्या सुटल्या, आणि तिथूनच वैताग सुरू झाला. कॉलनीतला जो येई तो आधी पायजमा वर करायला लावी आणि दोन डाग बघून हिरमुसला होई. शेजारचे तर हसलेच, "अरे भिया, इत्ते में तो हमारे यहां कान छिद जाते हैं!" मांडीचे व्यायाम मी दिवसातून चार वेळा आठवण करून करवून घ्यायची, तर त्यावरही ह्यांची कुरकुर. दुखत नव्हतं ना आता!

त्यात अनंत चतुर्दशी आली. मामंजींनी आमच्या लग्नानंतर अनंताचं व्रत आमच्याकडे सोपवलं होतं. चौदा गाठींचा दोरा, चौदा वर्षं, आणि हे चौदावं. म्हणजे उद्यापन. धारच्या घरी सगळं जुन्या पद्धतीने चालतं: सोवळं, जमिनीवर पाट, त्यावर मांडी. मी म्हटलं, ह्यांना खुर्ची देऊ या का? मामंजी माझ्याकडे बघतच राहिले. "देवापुढे खुर्चीत? इतकं काय झालंय त्याला?"

आता गंमत ऐका. ह्यांना उकिडवं बसता येत नाही म्हणून याच मामंजींनी सुताराकडून लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून आणलं होतं. संडासात खुर्ची चालते, देवापुढे नाही! मी चिडले, पण पाट मांडायला घेतले. हे म्हणाले, "जाऊ दे गं, चौदा वर्षांत एकदाही खंड नाही. तासाभराचा तर प्रश्न आहे."

तास कुठला, अडीच तास लागले. मी शेजारच्याच पाटावर होते. तासाभराने ह्यांच्या कानामागून घाम वाहायला लागला. मध्येच गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं, ते मलाही ऐकू आलं. तरी हे संकल्पापासून आरतीपर्यंत हलले नाहीत. शेवटी दोघांनी उचलून उभं केलं, तेव्हा पाय सरळच होईना. गुरुजी कळवळले. "अहो, मला एका शब्दाने सांगायचं. पूजा चौरंगावर मांडली असती, यजमान खुर्चीत बसले असते. मी कितीतरी घरी असंच करतो." मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. पण त्यांना विचारलं होतं कुणी?

टाके उसवले होते. पुन्हा इंदूर, पुन्हा दोन भोकं. या वेळी गादी शिवण्यासारखी उरली नव्हती. फाटलेला तुकडा काढून टाकला. डॉक्टर म्हणाले, पुढे हा गुडघा लवकर झिजेल.

मामंजी भेटायला आले. पलंगाशी स्टुलावर बसून ह्यांच्या पट्टीकडे बघत होते. मी मनात सगळं तयार ठेवलं होतं: पाट, सोवळं, ती भोकाची खुर्ची. आज ऐकवायचंच.

"सूनबाई," ते म्हणाले, "आत टाके आहेत हे मला ठाऊकच नव्हतं गं. तू किरकोळ म्हणाली होतीस."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. हे डोळे मिटून पडले होते, झोपलेले नव्हते. डॉक्टरांचा कागद माझ्या पर्समध्येच होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.